खांडबाऱ्याला क्लच उघडला

नंदुरबार जिल्ह्यात जाऊन आलो म्हटलं की लोक लगेच विचारतात, तोरणमाळ पाहिलं का? नाही पाहिलं. मग तापीकाठ? तिकडे गेलोच नाही. सातपुडा तरी? तोही राहिला. मग पाहिलं काय? तर मी मोटारसायकलचा क्लच पाहिला, आतून. त्यासाठी नाशिकहून एवढ्या लांब जायची गरज नव्हती, हे मला मान्य आहे. पण जे झालं ते असं झालं.

माझी मोटारसायकल आमच्या लग्नाच्या आधीची आहे, आणि माझा तिच्यावर जीव आहे, हे आधीच सांगून टाकतो. सुरेखाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं असं की ही गाडी आम्ही जितकी चालवली त्यापेक्षा जास्त ढकलली. खांडबाऱ्याला माझ्या ताईकडे गाडीवरून जायचं ठरलं, तेव्हा तिने जिन्यातच अट घातली. शेजारच्या काकू साक्षीला उभ्या होत्या.

"या प्रवासात गाडी एकदा जरी ढकलावी लागली, नाहीतर गॅरेजमध्ये टाकावी लागली, तर परत येऊन विकायची. कबूल?"

मी नुकतंच सर्व्हिसिंग करून घेतलं होतं, त्यामुळे अंगात भलताच जोर होता. "कबूल," म्हणालो. काकूंनी मान हलवली. त्यांना माझी गाडी माहीत होती.

चरणमाळचा घाट

पिंपळनेर सोडेपर्यंत गाडी गुणी मुलीसारखी वागली. घाट सुरू झाला आणि तिने रंग दाखवला. मी ॲक्सिलरेटर पिळला की आवाज वाढायचा, वेग मात्र तोच. आणखी पिळलं की आणखी आवाज. ऐकणाऱ्याला वाटावं विमान येतंय, आणि वळणावरून यायचो आम्ही, बैलगाडीच्या चालीने. त्यातच काहीतरी करपल्याचा वास येऊ लागला.

डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई मागून आली, आमच्याकडे बघून हसली आणि पुढे निघून गेली.

"आपल्याला आत्ता पायी चालणाऱ्या बाईने मागे टाकलं का हो?" सुरेखाने विचारलं.

"ती सवयीची आहे," मी म्हणालो.

पुढच्या वळणावर गाडी थांबायलाच आली, तेव्हा सुरेखा खाली उतरली आणि बाजूने चालू लागली. मी घाबरून विचारलं, हे ढकलण्यात धरायचं का? तिने विचार केला. बाई न्यायाची आहे. म्हणाली, "नाही. मी चालते आहे, तुम्ही चालवता आहात. रस्ता एकच आहे, एवढंच." असे आम्ही घाट चढलो. उतारावर काही प्रश्न नव्हता, उताराला क्लच लागत नाही.

नवापूरला चहा घेतला. इथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. मी सुचवून पाहिलं की गाडी गुजरातच्या हद्दीत बंद पडली तर आपली अट तिथे लागू होत नसावी. सुरेखा बशीतला चहा संपवून म्हणाली, "अट अखिल भारतीय आहे." तिथून खांडबाऱ्याकडे निघालो तर कोंबड्यांचा एक टेम्पो आमच्या पुढे गेला. जाळीतल्या कोंबड्या बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या.

ताईच्या घरी पोचल्यावर दाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, आधी पाणी दिलं आणि मग ते माझ्याकडे न बघता गाडीवर बसून गल्लीत एक चक्कर मारून आले.

"पाव्हना, क्लचप्लेट गयात," ते म्हणाले. "सकायले मुश्ताकभाईले दाखाडू."

"म्हणजे गॅरेज?" सुरेखाने लगेच विचारलं. अट कळल्यावर दाजी गंभीर झाले. त्यांनी क्षणभर आढ्याकडे बघितलं.

"मुश्ताकभाईनं गॅरेज नहीच शे. एक निंबनं झाड शे आन् एक पेटी शे. झाडखाले गाडी उभी करी तर त्याले गॅरेज कसं म्हनतस?"

माझ्या मनात दाजींबद्दल फार आदर दाटून आला. तेवढ्यात ताटं आली. आमच्याकडे नाशिकला खिचडी आजाऱ्याला देतात. इथे ती रोज रात्री घरोघरी होते आणि पाहुण्याला मानाने वाढतात. वर शेंगदाण्याचं कच्चं तेल ओततात. ताईच्या सासूबाई, ज्यांना सगळा गाव जिजी म्हणतो, तेलाचा डाव घेऊन माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मी नको म्हणायचो आणि त्या ओतायच्या. "कोरडं कसं खाशी?" एवढंच त्यांचं म्हणणं. तिसऱ्या वाढीला मी नको म्हणायचं सोडून दिलं.

खांडबारा स्टेशन

सकाळी कडुलिंबाच्या झाडाखाली गेलो तर पेटीला कुलूप. मुश्ताकभाई स्टेशनवर भेटले. पांढराशुभ्र झब्बा, डोळ्यांत सुरमा आणि अत्तराचा असा घमघमाट की स्टेशनमास्तर शिंकत होते. पुतण्याच्या लग्नाला सहकुटुंब सुरतला निघाले होते.

"आज मन्हा हात काळा व्हवाव नही," हात वर करूनच ते म्हणाले.

"परत कधी येणार?"

"जेवन सरी तवय." म्हणजे लग्नाची जेवणं संपतील तेव्हा.

दुसऱ्या कुणाकडे गाडी न्यावी म्हटलं, तर दाजी आणि मुश्ताकभाई दोघांचेही चेहरे असे झाले की मी विषय बदलला. या घरची गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे जात नाही. पाहुण्याचीही नाही. आम्हाला तर दोन दिवसांत निघायचं होतं. सुरेखा माझ्याकडे बघून गोड हसली, आणि मला माझी गाडी कुणीतरी परका चालवत नेतोय असं दिसू लागलं.

"मंग तुम्हीच करा," मुश्ताकभाई म्हणाले. "सोपं शे. मी आठेच शिकाडस."

सुरतेची गाडी उशिरा येणार होती. मुश्ताकभाईंनी चहावाल्याच्या बशा मागवल्या. मग भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ज्या ट्रंकेवर बसल्या होत्या तिच्या बाजूचा नानखटाईचा पुडा त्यांनी सोडला. लग्नघरी न्यायची घरची नानखटाई होती. भाभींची नजर त्या पुड्यावरून हलली नाही.

"हाई बशी, म्हंजे लोखंडनी प्लेट," बाकावर रचत मुश्ताकभाई सांगू लागले. "हाई नानखटाई, म्हंजे घसाना प्लेट. आधी नानखटाई, मंग बशी, मंग नानखटाई, मंग बशी. सरता शेवट नानखटाईच." चळत रचून झाल्यावर त्यांनी वर तळहात दाबला. "हाऊ हात म्हंजे स्प्रिंग. दाबेल शे तवलोंग बठ्या प्लेटा संगे फिरतस, गाडी चालस. तुम्ही लिव्हर दाबं, की हात उचलना. बठ्या सुट्या. तुमन्या नानखटाया घसाई गयात, म्हनीसन नुस्ता आवाज."

इतकं स्वच्छ मला आजवर कुणी समजावलं नव्हतं. सुरेखा पुढे वाकून ऐकत होती. मीही ऐकत होतो. पण मी सकाळपासून चहावर होतो आणि तुपाचा वास नाकाशी होता. मुश्ताकभाईंनी हात उचलला तेव्हा सर्वांत वरची नानखटाई सुटीच होती. मी ती खाल्ली. अगदी नकळत, म्हणजे मला कळली, इतरांना नाही.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. आधी इंजिनचं ऑईल काढा. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून सोडा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नव्या प्लेटा रात्रभर इंजिन ऑईलमध्ये बुडवून ठेवा, कोरड्या लावल्यात तर जळतील. गाडी आली, त्यांनी पेटीची किल्ली दाजींकडे फेकली आणि डब्यातून ओरडून सांगितलं, "अडचन वनी तर फोन करा! बँड वाजत व्हई, पन मी मोठाथून बोलसू!"

परात

दाजींच्या अंगणात पेरूचं झाड आहे. त्याखाली दुपारी शस्त्रक्रिया झाली. ऑईल काढलं, किक काढली, झाकण काढलं. बोल्ट थोडे थोडे सोडायचे होते. मी पहिला उत्साहाने एकदम सोडला, आणि स्प्रिंग माझ्या नाकावर बसली. जिजींनी नाकाला हळद लावली आणि "चिंचपाडाना दवाखानामा लई जावा याले" असा आग्रह धरला. दवाखाना म्हटला की या भागात चिंचपाडाच. नाक जागेवर आहे हे त्यांना पटवायला वेळ लागला.

जुन्या प्लेटा निघाल्या त्या झिजून चकचकीत झालेल्या. मी त्या बाजूला ठेवतो न ठेवतो तोच दाजींनी उचलल्या आणि सुतळीने पेरूला टांगल्या. पोपट फार त्रास देतात म्हणे. लोखंडी प्लेटा पुन्हा लावायच्या होत्या, त्या वाचल्या.

मुश्ताकभाईंच्या पेटीत निघालेल्या नव्या प्लेटा बुडवायला पसरट भांडं हवं होतं. दारामागे एक परात उभी होती, जणू त्याच कामासाठी घडवलेली. "ताई, परात घेतो गं," असं मी म्हणालो. ते कुणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो की नाही, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

दुसऱ्या दिवशी घरात बिबडे होते. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: ज्वारीचं पीठ शिजवून, त्यात लसूण, तीळ, तिखट घालून, खाटेवरच्या कपड्यावर पातळ थापतात आणि उन्हात वाळवतात. आमच्याकडे कुरडया घालतात तेव्हा पुरुषांना कावळे हाकलायला बसवतात. इथे पुरुषांना सरळ घराबाहेर घालवतात. मी बाहेरून आलो तेव्हा अंगणात गल्लीतल्या बायका जमलेल्या, एक खाट मागच्या खेपेच्या वाळलेल्या बिबड्यांनी भरलेली, आणि मध्ये जिजी, कमरेवर हात ठेवून.

"मन्ही बिबडासनी परात!" जिजी म्हणाल्या. "काळी करी टाकेल व्हती कोनी!"

मी कुणीतरी दुसरा असल्यासारखं तोंड केलं. परात लख्ख होती. ऑईल कुंपणाशी गेलं होतं.

"आणि त्यातल्या प्लेटा, जिजी?"

"त्या बी धुई टाक्यात ना. साबन लाया, राख लाई. किती मळेल व्हत्यात, माय! देख, वाळाले टाक्यात."

खाटेवर, बिबड्यांच्या रांगेत, माझ्या क्लचप्लेटा ऊन खात पडल्या होत्या. इतक्या स्वच्छ क्लचप्लेटा जगात कुठे नसतील. मला रडू येणार होतं, पण बायका बघत होत्या.

सुरेखाने त्या उचलल्या. ताईने एक जुनं पातेलं दिलं, दाजी ऑईल आणायला गेले. त्यांना वेळ लागतोय असं पाहून जिजी तेलाची किटली आणि डाव घेऊन आल्या. आपण धुतलं ते चुकलं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि त्यांना वाईट वाटत होतं. "कोरड्या कशा घालशी? शेंगदानानं घाल वाईच, चांगलं घरनं तेल शे." सुरेखाने त्यांचा हात वरच्या वर धरला. परवा रात्री मला हे जमलं नव्हतं.

मोरी

दुपारी बसवायला घेतल्या. मी झाडाखाली पाट मांडून बसलो. पातेल्यात चार प्लेटा होत्या.

"पाच हव्यात," सुरेखा म्हणाली.

"चार. मी समोर बसून बघितलंय. चार नानखटाया होत्या."

"मुश्ताकभाईंनी पाच रचल्या."

"हे बघ, माझ्या डोळ्यांसमोर चळत आहे," मी म्हणालो, आणि खरंच होती. खाल्ल्यानंतरची होती, एवढंच. ती आणखी काही बोलणार होती, पण मी पाना मागितला. गाडी मला वाचवायची होती, तेव्हा ती मीच जोडणार, असं मी ठरवून टाकलं होतं. चार प्लेटा बसवल्या, बोल्ट समोरासमोरचे आवळले, झाकण लावलं, ऑईल भरलं. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. बिबडेवाल्या बायकांनी माना वर केल्या. मी कॉलर नीट केली, पहिला गियर टाकला आणि क्लच सोडला.

अंगणापासून कालव्याच्या मोरीपर्यंत उतार आहे. मी झोकात मोरीपर्यंत गेलो. तिथे उतार संपला, आणि गाडीही संपली. इंजिन गर्जत होतं, चाक जागच्या जागी. दुसरा गियर टाकला, तिसरा टाकला, काही फरक नाही. म्हशीवर बसलेला बगळासुद्धा उडाला नाही.

मोरीपासून अंगणापर्यंत मी गाडी ढकलत आणली. चढ होता. दाजींनी मान फिरवली, तेवढीच त्यांना करता येण्यासारखी मदत होती. सगळी गल्ली बघत होती आणि कुणी हसलंही नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. ही गाडी आता आपली नाही, असं हॅंडल धरल्या धरल्या वाटत होतं.

सुरेखा पेरूच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली, वर बघत बोटाने मोजलं आणि मला बोलावलं. वाऱ्यावर जुन्या प्लेटा डुलत होत्या. पाच. एकीवर पोपट बसला होता.

"मग पाचवी कुठे गेली?" मी विचारलं.

त्याच वेळी स्वयंपाकघरातून जिजींचा आवाज आला. बायकांना चहाबरोबर खाटेवरचे वाळलेले बिबडे तळून द्यायला त्या आत गेल्या होत्या.

"ओ माय! हाऊ बिबडा फुलस नही!"

आम्ही धावलो. कढईत उकळत्या तेलात माझी क्लचप्लेट तरंगत नव्हती, बुडाशी बसली होती. जिजी तिला झाऱ्याने दाबत होत्या. "आन् यानामा मधमा भोक कोनी पाडं?" त्यांनी रागाने सुनेकडे बघितलं. खाटेवरचे बिबडे त्यांनी चळत करून डब्यात भरले होते, ही त्यांच्यात गेली होती.

मुश्ताकभाईंना फोन लावला. पलीकडे बँड जोरात होता. सुरेखाने ओरडून सगळं सांगितलं. मग मुश्ताकभाईंनी ही बातमी वऱ्हाडाला सांगितल्याचं कळलं, कारण क्लॅरिनेटवाल्याला मध्येच हसू फुटलं आणि मग ढोलही थांबला.

हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "काही व्हत नही. गाडीमा बी तापतीसच ना त्या. पुसी टाका, ऑईलमा ठेवा, लाई द्या. आन् पाव्हनाले एक इचारा. पाचवी नानखटाई कथा गई? मन्ही बायको कालदिनथून पुडा मोजी ऱ्हायनी."

फोन स्पीकरवर होता. ताई, दाजी, जिजी, सुरेखा आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं.

"बाई, पाटावर तुम्ही बसा," दाजी सुरेखाला म्हणाले.

ती बसली. मी पाने देत गेलो, ती मागेल तो. तिने ऑईल काढलं, झाकण उघडलं, एक स्प्रिंगही कुणाच्या नाकावर न येता बोल्ट सोडले. पाचही प्लेटा पुसून पुन्हा बुडवल्या आणि सकाळपर्यंत पातेल्यावर झाकण ठेवलं. जिजी स्वतः राखणीला बसल्या, स्वतःवरच पहारा ठेवल्यासारख्या.

परत

निघायच्या सकाळी तिने प्लेटा बसवल्या, लिव्हरची केबल जराशी ढिली ठेवली आणि गाडीवर बसली. माहेरी ती भावाची मोटारसायकल चालवायची. आमच्याकडे तिच्यासाठी स्कूटर आली आणि मग तो विषय निघालाच नव्हता. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा बेडकासारखी एक उडी मारून बंद पडली. तिसऱ्यांदा तिने क्लच हळूहळू, दुधावरची साय काढावी इतक्या बेताने सोडला, आणि गाडी निघाली. मोरी ओलांडली, कालवा ओलांडला, तुरीच्या शेतामागे गेली आणि दिसेनाशी झाली. आवाज आणि वेग, दोन्ही बरोबर जात होते. मला इतका आनंद झाला की गाडी विकायची आहे हेच मी विसरलो.

ती बऱ्याच वेळाने आली. केस विस्कटलेले, चेहरा लाल. गाडी स्टँडवर लावून म्हणाली, "छान चालते हो."

"मग... राहू दे ना," मी म्हणालो. इतकं अजिजीने मी लग्नातही बोललो नव्हतो.

"छे. मोरीपासून ढकलत आणलीत, सगळ्यांनी बघितलंय. शब्द म्हणजे शब्द. विकायची."

"कुणाला?"

"मला."

मी दाजींकडे बघितलं. ते खांद्यावरचं उपरणं झटकत म्हणाले, "देई टाका, पाव्हना. इतलं चांगलं गिऱ्हाईक भेटाव नही."

सौदा अंगणातच झाला. जिजींनी नव्या मालकिणीच्या हातावर दही दिलं आणि आरशाला हळदकुंकू लावलं. सुरेखा पुढे बसली, मी मागे. नवापूर गेलं, घाट लागला, आणि गाडी दोघांना घेऊन कुरकुर न करता चढू लागली. मी वळणावळणाला उजव्या पायाने ब्रेक दाबत होतो, तिथे ब्रेक नव्हता. हात कुठे ठेवावेत हेही कळत नव्हतं. मागचा दांडा धरला, मग सीट, मग मांडीवर ठेवून पाहिले. इतकी वर्षं ही बाई मागे बसून हे कसं करायची, देव जाणे.

मधल्या वळणावर तिने मान जराशी वळवली.

"अहो, मला नीट घट्ट धरा. गाडी आजच माझी झाली आहे, पहिल्याच दिवशी नवरा पाडला असं व्हायला नको."

मी घट्ट धरलं.